चौथी ओळ मोकळी

१

रविवारी दुपारचे चार वाजले की गौरीशंकर धनशेट्टी दार लोटून घ्यायचा, पंखा दोनवर आणायचा आणि तीन माणसांना मारायच्या तयारीला लागायचा. अगदी जिवानिशी नव्हे. आता गेलो असं त्यांना वाटलं पाहिजे आणि थोडक्यात वाचलीही पाहिजेत, इतपतच. दिसतं तेवढं सोपं काम नाही ते.

आठवडाभर हा माणूस मोजणी खात्यात. भावाभावांच्या बांधावर यंत्र रोवून उभं राहायचं, दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या आणि नकाशावर रेघ मारून परंड्याला परत यायचं. लोक म्हणायचे, रेघ वाकडी आहे. गौरीशंकर म्हणायचा, माणूस वाकडा असतो, माप नसतं. रविवारी मात्र तो मास्तर व्हायचा, आणि तोही शाळेतला नव्हे.

खेळ असा होता. एकानं मास्तर होऊन गोष्ट सांगायची: समोर दरी आहे, दरीवर पूल आहे, पुलावर कुणीतरी पाठमोरं बसलंय. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. राक्षस, भुयारं, तलवारी, मंत्रतंत्र, सगळं तोंडी आणि कागदावर. सोलापूरला कॉलेजात असताना चौघांना याचं वेड लागलं. पुढं चौघं चार दिशांना गेली, पण वेड काही गेलं नाही. वर्षाराणी पुण्यात, श्रीमंत हैदराबादेत, साद मस्कतला. रविवारी लॅपटॉपवर तीन चौकटी उजळायच्या, तीन तोंडं दिसायची आणि गौरीशंकरचा आठवडा सुरू व्हायचा.

लोक समजतात मास्तरचं काम गोष्ट सांगण्याचं. खरं काम आधीच्या सहा दिवसांत असतं. येत्या चकमकीत शत्रू किती ठेवायचे? कमी पडले तर खेळाडू जांभया देतात, जास्त झाले तर मरतात. भाजीतल्या मिठासारखं ते आहे, आणि त्यालाही नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत. गौरीशंकरला ती तोंडपाठ होती. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूची खिडकी उघडून तो भुयारांचे नकाशे काढत बसायचा, तेही प्रमाणात.

खाली घरमालकीण हसीनाबी राहायच्या. सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मास्तर, मास्तर अशी हाक वरून ऐकू येते म्हणून त्यांनी धरून टाकलं होतं की साहेब रविवारी फोनवरून शिकवणी घेतात.

"मास्तर, तुमची पोरं लई वरडतात की वो. मेलो मेलो कोन करत व्हतं?"

"मेलं नाही कुणी चाची. वाचलं थोडक्यात."

"मग ठीक हाय. पास झालं म्हना."

२

फेब्रुवारीतल्या एका रविवारी खेळ आवरताना वर्षाराणी थांबली. बाकीच्या दोन चौकटींपैकी एक काळी होती. श्रीमंत कॅमेरा बंद ठेवून बहुतेक जेवत होता. दुसरी चौकट नव्हतीच, कारण मस्कतला रविवारी कामाचा दिवस आणि सादला दुपारी सुटता यायचं नाही.

"मास्तर, रागावू नकोस," ती म्हणाली. "ही किल्ल्याची गोष्ट संपली की थांबूया का आपण?"

"का गं?"

"का काय? साद महिन्यातून एकदा उगवतो. याचं लक्ष ताटात. दोघांची पात्रं तूच चालवतोस, शत्रूही तूच. मी एकटी खरी खेळते. तुला तरी काय मजा येत असेल सांग."

नियम त्यानंच केला होता: ज्याचा माणूस आला नाही, त्याचं पात्र मास्तर चालवेल. खेळ बंद पडू नये म्हणून केला होता. आता त्याच नियमावर ती बोट ठेवत होती.

"बघू की," गौरीशंकर म्हणाला. चौकटी विझल्या.

त्याला भीती वाटली, हे कबूल केलं पाहिजे. कचेरीत त्याला धनशेट्टी म्हणत, शेतात मोजणीवाले म्हणत, खाणावळीत तर नुसतं दोन नंबरचं टेबल. आपलं माणूस म्हणून हाक मारणारी ती तीनच तोंडं, तीही काचेपलीकडची. ती गेली तर सोमवार ते रविवार नुसतं माप उरणार होतं. खेळातल्या किल्ल्याचे तीन मजले शिल्लक होते. म्हणजे तीन-चार चकमकी. त्या अशा रंगवायच्या की वर्षाराणी स्वतःहून म्हणेल, पुढच्या रविवारीही खेळू. एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं की बास. तो त्याच संध्याकाळी वही घेऊन बसला.

आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की आजची चकमक चुकली होती. तिघांसमोर त्यानं सहा भुयारी लांडगे सोडले होते. नियमानुसार लढाई चार फेऱ्या चालायला हवी होती, पण ती तिनात आटोपली. फासे चांगले पडले असतील, असं म्हणून त्यानं पान उलटलं.

पुढच्या रविवारी आठ लांडगे ठेवले. ते आठही सहाऐवजी चार फेऱ्यांत गारद झाले. वर्षाराणीनं जांभई दिली, आणि ती लपवायचा तिनं केलेला प्रयत्न त्याला जांभईपेक्षा जास्त लागला.

३

हसीनाबींना जिना चढता येत नसे. रविवारी पाचच्या सुमाराला त्या चहाचा ट्रे खालूनच पाचव्या पायरीवर ठेवायच्या आणि चमच्यानं कठडा वाजवायच्या. गौरीशंकरनं खाली येऊन ट्रे न्यायचा, रिकामा झाला की परत तिथंच ठेवायचा. वर माणसं किती हे त्या जिन्याखालच्या चपलांवरून ठरवत. एक जोड म्हणजे एक कप. त्यांच्या घरात ही पद्धत नवऱ्याच्या वेळेपासून होती, कारण नवरा कुणाला घेऊन आलाय हे कधी सांगत नसे.

मार्चच्या पहिल्या रविवारी ट्रेमध्ये दोन कप होते.

"चाची, एक जास्त दिलाय."

"न्हाय. दोन जोड हैत की खाली," त्या आतूनच म्हणाल्या.

त्यानं वाकून पाहिलं. त्याच्या चपलांशेजारी तपकिरी सँडलचा जोड होता, डावी टाच झिजलेला. ओळखायला वेळ लागला नाही, कारण तो त्याचाच होता. त्याची डावी टाच लहानपणापासून अशीच झिजते. दोन वर्षांपूर्वी पट्टा तुटला म्हणून त्यानं तो माळ्यावर टाकला होता. हसीनाबींनी झाडाझुडीत काढला असेल. पण हसीनाबी जिना चढत नाहीत. मग त्यांच्या भाच्यानं काढला असेल. पट्टा शिवलेला होता. आता भाच्याला एवढी हौस कुठून, असा प्रश्न पडण्याआधीच वरून वर्षाराणीची हाक आली आणि तो पळाला.

सात वाजता ट्रे खाली ठेवताना त्याला दिसलं की दोन्ही कप रिकामे आहेत. त्याला एकच प्यायल्याचं आठवत होतं. पण बोलण्याच्या नादात माणूस दुसराही पिऊन टाकतो. चहाच तो, पाण्यासारखा जातो.

जिन्याखाली त्याच्या चपलांचा एकच जोड होता. सँडल न्यायला कुणी आलं होतं का, हे त्यानं हसीनाबींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं.

४

असा खेळ चालवणाऱ्या मराठी मास्तरांचा एक गट फोनवर होता. जेमतेम चाळीस माणसं, त्यातली पस्तीस मुकी. उरलेल्यांत अक्कलकोटचे बंडप्पा म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. फोटोच्या जागी नंदी असायचा. नियमात अडलं की सगळे त्यांना विचारत, आणि ते सुपारी फोडावी तसं उत्तर देत. गौरीशंकरनं सोमवारी लिहिलं:

"अप्पा, तीन पात्रं, पाचवी लेव्हल. आठ लांडगे ठेवले. सहा फेऱ्या टिकायला हवेत, चारात संपतात. कुठं चुकतंय?"

"पाळीचा कागद पाठव."

लढाईत एकेकाची पाळी येते. कुणानंतर कोण हे मास्तर कागदावर ओळीनं लिहितो आणि पाळी झाली की नावापुढं खूण करतो. गौरीशंकर हिरव्या पेननं करायचा. त्यानं फोटो पाठवला.

"खेळाडू किती म्हणालास?"

"तीन."

"मोजून सांग."

"दहा वर्षं तीनच आहेत अप्पा."

"चार फेऱ्या, तीन माणसं. पाळ्या बारा व्हायला पाहिजेत. तुझ्या कागदावर सोळा आहेत. तुझं गणित बरोबर आहे, टेबलावर माणसं चार आहेत."

गौरीशंकरनं कागद खिडकीशी नेला. पहिली ओळ वर्षाराणी. दुसरी श्रीमंत. तिसरी साद. पाचव्या ओळीत लांडगे. मधली चौथी ओळ मोकळी होती आणि तिच्यापुढं चार हिरव्या खुणा होत्या. अक्षर त्याचंच. त्याची खूण करताना पेन शेवटी जरा वर उडतो, तो तसाच उडाला होता.

हात सवयीनं चालतो, त्यानं स्वतःला समजावलं. शेतातही दिवसभर आकडे भरून झाल्यावर हात हवेत लिहीत राहतो. पण त्या चार पाळ्यांत घाव बसले होते, लांडगे मेले होते, आणि फासे कुणीतरी टाकले होते. त्यानं आधीचे कागद काढले. सहा लांडग्यांचा, त्याआधीचा पुलावरचा, त्याआधीचा. सगळीकडे चौथी ओळ मोकळी आणि तिच्यापुढं खुणा. डिसेंबरातल्या एका रविवारपाशी त्या थांबल्या. त्याआधीच्या कागदांवर तीन ओळी, तीन नावं, आणि लगेच खाली शत्रू.

तो रविवार त्याला चांगला आठवत होता. त्या दिवशी तिघांतलं कुणीच आलं नव्हतं. वर्षाराणीकडं पाहुणे होते, श्रीमंत विसरला होता. गौरीशंकरनं अर्धा तास वाट पाहिली आणि मग तिघांचीही पात्रं स्वतःच चालवली. वर्षाराणीचा आवाज काढून हसला, सादसारखा शिव्या घालून फासा टाकला, दोन तास खेळला. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखी होती का ती?

बंडप्पांचा निरोप पुन्हा आला.

"ज्याची पाळी येते त्याला कागद द्यावा. पात्र म्हणून नीट उतरव, म्हणजे शत्रू चौघांच्या हिशेबानं ठेवता येतील. फक्त एक. मास्तरनं स्वतःला खेळात उतरवायचं नाही. नव्या मास्तरांना ही हौस फार. मास्तर खेळाडू झाला की मास्तरची जागा मोकळी पडते, आणि मोकळी जागा टेबलाला चालत नाही."

"हे कुठल्या पानावर आहे अप्पा?"

"पानावर नाही," बंडप्पांनी लिहिलं.

५

बुधवारी संध्याकाळी गौरीशंकरनं कोरा पात्र-कागद समोर घेतला. ताकद किती, चपळाई किती, काय येतं, काय येत नाही, सगळ्याला चौकटी असतात. तो मास्तर होता. आजवर शेकडो माणसं त्यानं अशी चौकटीत बसवली होती. सराय चालवणारे, वाटाडे, खुनी. दहा मिनिटांचं काम.

ताकद बेताची. चपळाई बेताची. नजर चांगली. काय येतं? रस्ते मोजतो, नकाशे काढतो. राहतो कुठं? एकटाच राहतो. एवढं लिहून झाल्यावर तो थांबला. मग हसला, कारण उंटावरून शेळ्या हाकायचा कंटाळा आलेल्या माणसाला निदान एकदा खाली उतरावंसं वाटणारच. दहा वर्षं त्यानं तिघांना भुयारात धाडलं होतं. स्वतः एकदाही त्यांच्याबरोबर गेला नव्हता. मशाल धरून वर्षाराणीच्या मागून चालायचं, सादच्या शिव्या खायच्या, पुढं काय आहे हे आपल्यालाही माहीत नाही. कसं वाटत असेल?

नावाची चौकट रिकामी होती. त्यानं पेन्सिलीनं, अगदी फिकं, गौरीशंकर असं लिहिलं. उद्या खोडून दुसरं घालू.

गुरुवारी त्याला सोनारीला मोजणीला जावं लागलं, शुक्रवारी नकाशांच्या नकलांचं काम निघालं. शनिवारी त्यानं कागद पाहिला तेव्हा नाव हिरव्या पेनात होतं. आपणच गिरवलं असणार, पेन तर टेबलावरच पडलेलं असतं. हिरवी शाई खोडता येत नाही. त्यानं कागद तसाच ठेवला आणि चौघांच्या हिशेबानं बारा लांडगे मांडले.

६

रविवार इतका चांगला गेला की पुढं त्याची आठवण काढताना गौरीशंकरला गलबलून यायचं.

चकमक बरोबर सहा फेऱ्या चालली. पाचव्या फेरीत वर्षाराणी खुर्चीतून उठून उभी राहिली. श्रीमंतनं कॅमेरा सुरू केला, ताट बाजूला सारलं. साद कुठल्याशा गोदामातून, कानाला फोन लावून, अर्धा तास खेळला.

"हा नवीन कोण मास्तर?" वर्षाराणीनं विचारलं. "नकाशेवाला? तुझ्यासारखाच खालमानेनं बोलतोय मेला. पण आवडला मला."

"राहू दे त्याला," साद म्हणाला. "मास्तर बी आला म्हनायचा शेवटी आपल्यात. लई वर्सं तिकडंच बसला व्हता."

गौरीशंकरनं घसा खाकरला. तिसऱ्या मजल्याचं दार तिघांसमोर उघडलं होतं. चौघांसमोर. आता मास्तरनं आत काय आहे ते सांगायचं होतं, आणि त्याला मशालीच्या उजेडात, इतरांच्या खांद्यांआडून, खरंच काही दिसत नव्हतं. आत काय ठेवलं होतं आपण? त्यानं वहीकडं पाहिलं. तो बोलायला लागलाच नव्हता. दहा-बारा सेकंद खोलीत नुसता पंखा ऐकू येत होता.

"बाप रे," श्रीमंत म्हणाला. "काय वर्णन केलंस मास्तर! काटा आला अंगावर."

वर्षाराणीनंही दंड चोळले. "ते पाण्याचं कुठून सुचलं तुला?"

"कुठलं पाण्याचं?" गौरीशंकरनं विचारलं.

तिघंही हसली. तोही हसला. काय करणार?

खेळ संपल्यावर, चौकटी विझायच्या आधी, वर्षाराणी काहीतरी म्हणायच्या बेतात होती. त्याला ते तिच्या तोंडावर दिसलं. मग तिला कुणीतरी आतून हाक मारली आणि ती गेली. म्हणेल पुढच्या वेळी, गौरीशंकर स्वतःशी म्हणाला. पुढच्या रविवारी नक्की म्हणेल. उरलेला चहा प्यायला त्यानं कप उचलला. दोन्ही रिकामे होते आणि त्यातला एक अजून कोमट होता.

७

पुढच्या रविवारी कचेरीतल्या अण्णारावांच्या नव्या घराची वास्तुशांत होती, ईटला. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. गौरीशंकर सकाळी खोलीला कुलूप घालून निघाला, दोनला परत फिरायचं असं ठरवून. अण्णारावांनी पंगतीत आग्रह केला, जीप भरायला तास गेला, आणि भूमच्या अलीकडं तिचं चाक बसलं. जादा चाक होतं, त्यातही हवा नव्हती. फोन दुपारीच मेला होता. उन्हात बाभळीखाली उभा राहून तो घड्याळ बघत होता. चार वाजले. साडेचार. तिघं येऊन बसली असतील, काळ्या चौकटीकडं बघत असतील. वर्षाराणी म्हणेल, बघा, आता मास्तरही येईना. आणि संपलं सगळं.

परंड्याच्या स्टँडवरून तो जवळजवळ पळत आला. सहा वाजायला आले होते, ऊन अजून भिंतींवर होतं. हसीनाबी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांचा हात थांबला.

"कवा खाली आलात?"

"आत्ताच येतोय चाची. ईटहून."

"न्हाय वो." त्यांनी जिन्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, धुळीनं भरलेल्या त्याच्या पायांकडं. "म्या आत्ता चहा दिला की तुमाला. पाचव्या पायरीवर. हातातून घेतलात तुमी. शिकवणी चालू हाय न्हवं वर?"

वरून हसण्याचा आवाज आला. लॅपटॉपमधला, तिघांचा एकदम.

हसीनाबींनी मेथीची पाटी उचलली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. भर दिवसा त्यांनी दार लावल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

तो चढला. कुलूप उघडं, कडीला लटकत होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं चाचपून पाहिली. दार लोटलेलं होतं. आत पंखा दोनवर फिरत होता, आणि पंख्याच्या घरघरीत एक आवाज शांतपणे, मान खाली घालून बोलल्यासारखा, गोष्ट सांगत होता. आपला आवाज बाहेरून ऐकायची माणसाला सवय नसते. पहिल्यांदा त्याला वाटलं, रेकॉर्डिंग लावलंय कुणीतरी. मग सादनं मधेच प्रश्न विचारला आणि आवाजानं उत्तर दिलं.

फार सुंदर सांगत होता तो. पाण्यानं भरलेल्या भुयाराचं वर्णन होतं, आणि गौरीशंकरला स्वतःच्या पायांना गारवा जाणवला. हे त्याला कधी जमलं नव्हतं. साद आला होता, आणि गोदामातून नव्हे. मागं घरातली भांडी वाजत होती, म्हणजे सुट्टी काढून बसला होता.

"आता गौरीशंकरची पाळी," आवाज म्हणाला. "तो आलेला नाही. त्याचं मी चालवतो."

फासा टेबलावर घरंगळला.

"तो दाराशी पोचतो. पण आत येत नाही."

गौरीशंकरचा हात दारावरच होता. ढकलायचं, एवढंच. आपली खोली, आपलं टेबल, आपली माणसं. ढकललं की काय होईल? तिघं बघतील. एका चौकटीत दोन गौरीशंकर बघतील, आणि त्यातला खरा कोणता हे ठरवायची वेळ आली तर ती कुणाला निवडतील? जो दहा वर्षं कंटाळवाणे लांडगे मोजत बसला त्याला?

आत खुर्ची सरकली.

"कुठं चाललास मास्तर?" वर्षाराणीनं विचारलं.

"दारावर कुणीतरी आहे. बघतो."

पावलं आली. डावी टाच जरा घासत. दार वीतभर उघडलं. गौरीशंकरला आपला घरात घालायचा निळा सदरा दिसला, कोपराजवळ उसवलेला. कानामागं खोचलेलं हिरवं पेन दिसलं. गाल दिसला, अर्धा. बाकीचं तोंड दाराआड होतं, आणि ते आपल्याकडं वळू नये, एवढी एकच इच्छा त्याच्यात उरली. खांद्यावरून पलीकडं लॅपटॉप दिसत होता, तीन चौकटी, तीन उजळलेली तोंडं. ती दाराकडंच बघत होती. वर्षाराणी तर अगदी त्याच्याकडं. ओळखीचं काहीही तिच्या डोळ्यांत आलं नाही.

दार सावकाश लागलं. कुणाला लागू नये म्हणून लावतात, तसं.

"कोण होतं?"

"कुणी नाही. चुकून आलं होतं कुणीतरी."

"ऐक ना मास्तर," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज जरा अवघडलेला होता. "मी मागं म्हणाले होते ना, थांबूया म्हणून? विसर ते. पुढच्या रविवारीही खेळू. त्याच्या पुढच्याही."

त्या वाक्यासाठी गौरीशंकरनं सव्वा महिना वाट पाहिली होती. आतल्यानं घसा खाकरला. भरून आलं की गौरीशंकर खाकरतो, तसाच.

"खेळू की," आतला म्हणाला.

जिन्यावर, दाराला कपाळ टेकून, गौरीशंकरही तेच म्हणाला, त्याच वेळी, त्याच आवाजात. त्यामुळं ते कुणाला वेगळं ऐकू आलं नाही.